६ जानेवारीच्या दिनविशेष फळ्यावर नेमके काय लिहावे?

वाचनकट्टा

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या दारात एक काळा फळा आहे. त्यावर रोज सकाळी त्या दिवसाचे दिनविशेष खडूने लिहिण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. लांबून वाचता येईल इतके मोठे अक्षर काढले, तर फळ्यावर सहा, फार तर सात ओळी बसतात. शेजारच्या शाळेतील मुले येता-जाता त्या ओळी वहीत उतरवून घेतात आणि परिपाठाच्या वेळी वाचून दाखवतात. त्यामुळे फळ्यावर जे लिहिले जाते ते तासाभरात शे-दोनशे जणांच्या कानांवर जाते, आणि म्हणूनच ते तपासून लिहावे असे वाटते.

प्रश्न ६ जानेवारीचा आहे. वाचनालयात दिनविशेषांच्या दोन जुन्या वह्या आहेत आणि रोज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी एक यादीही समोर असते. या तिन्हींचा मेळ बसत नाही. एका वहीत ‘बाळशास्त्री जांभेकर जयंती’ असे लिहिले आहे. दुसऱ्या वहीत जयंतीचा उल्लेख नाही, तेथे फक्त ‘दर्पण दिन’ आहे. यादीत दोन्ही आहेत. शिवकाळातील दोन नोंदींचेही तसेच आहे. १६६४ साली महाराज सुरतेवर पोहोचले आणि १६६५ साली महाबळेश्वरी जिजाऊंची सुवर्णतुला झाली, या दोन्ही घटना एका वहीत ६ जानेवारीला आहेत, तर दुसरीत १६ जानेवारीला. ज्याने ती दुसरी वही लिहिली त्याच्या हातून सहाच्या आधी एक जास्तीचा पडला असे म्हणावे, तर दोन्ही नोंदींत नेमका तोच फरक कसा पडावा?

तिसरी अडचण जागेची आहे. विजय तेंडुलकर, कपिल देव, ए. आर. रहमान, लुई ब्रेल, संत त्यागराज अशी नावे याच तारखेखाली सापडतात. त्यांपैकी कोणाला घ्यावे आणि कोणाला वगळावे, याला काही आधार असावा की लिहिणाऱ्याची आवड पुरेशी आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

शिलाछाप

आपल्या पहिल्या प्रश्नापुरते लिहितो, कारण माझ्या मते त्या दिवसाची मुख्य ओळ तीच आहे.

बाळशास्त्री जांभेकर संपादक असलेल्या ‘दर्पण’ या मराठी वृत्तपत्राचा पहिला अंक मुंबईत ६ जानेवारी १८३२ रोजी निघाला, याविषयी वाद नाही. तो शुक्रवार होता. प्रारंभी पत्र पाक्षिक होते. ४ मे १८३२ पासून ते साप्ताहिक झाले आणि २६ जून १८४० रोजी त्याचा शेवटचा अंक निघाला. हे दोन्ही दिवसही शुक्रवारच होते, याचा अर्थ पत्राने आपला वार साडेआठ वर्षे सांभाळला. जुन्या तारखा पडताळण्याची ही एक सोपी रीत आहे. नियतकालिकाच्या अंकाची तारीख भलत्याच वारी पडत असेल, तर उतरवून घेणाऱ्याचा हात कोठेतरी चुकला आहे असे समजावे.

अंकाचे रूपही मुलांना सांगण्यासारखे आहे. पानावर दोन स्तंभ असत, एकात मराठी मजकूर आणि शेजारच्यात इंग्रजी. येथील लोकांना विलायतेतील विद्यांची ओळख व्हावी आणि या देशाच्या उत्कर्षाच्या गोष्टींची मोकळेपणाने चर्चा व्हावी, असा हेतू संपादकाने आरंभीच सांगितला होता. इंग्रजी स्तंभ हा निव्वळ शोभेचा भाग नव्हता. राज्य करणाऱ्या साहेबाला येथील माणसाचे म्हणणे त्याच्या भाषेत वाचता यावे, हा त्यामागचा व्यवहार होता. गोविंद विठ्ठल कुंटे म्हणजेच भाऊ महाजन यांचा या कामाशी निकटचा संबंध होता आणि १८४१ मध्ये त्यांनी स्वतःचे ‘प्रभाकर’ काढले.

आता जयंतीविषयी. जांभेकरांचा जन्म आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ले गावचा. जन्मवर्ष १८१२ असे बहुतेक ठिकाणी दिलेले असते, परंतु दिवसाविषयी दोन पाठ आहेत, काही ठिकाणी ६ जानेवारी तर काही ठिकाणी २० फेब्रुवारी. पोंभुर्ल्यात जयंती २० फेब्रुवारीला साजरी होते. माझा कलही त्याच बाजूला आहे. ६ जानेवारी १८१२ ही जन्मतारीख मानली, तर ‘दर्पण’चा पहिला अंक संपादकाच्या विसाव्या वाढदिवशी निघाला असे होते. हा योगायोग इतका सोयीचा आहे की पुढे कोणीतरी वृत्तपत्राची तारीख संपादकाच्या नावापुढे लिहिली असावी, अशी शंका येते. तेव्हा फळ्यावर वृत्तपत्राचा दिवस लिहावा आणि जयंती फेब्रुवारीसाठी ठेवावी. महाराष्ट्रात हा दिवस पत्रकार दिन म्हणून पाळतात तोही जन्मासाठी नव्हे, अंकासाठी. राष्ट्रीय पत्रकार दिन १६ नोव्हेंबरला असतो, तो भारतीय वृत्तपत्र परिषदेचे काम १९६६ मध्ये त्या दिवशी सुरू झाले म्हणून. हे दोन दिवस अनेक याद्यांत एकमेकांत मिसळलेले दिसतात.

माणसाविषयी एकच ओळ लिहायची झाली, तर ‘आद्य पत्रकार’ या बिरुदावर थांबू नये. चौतीस-पस्तीस वर्षांच्या आयुष्यात या गृहस्थाने एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन केले, १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढून त्यातून भूगोल, इतिहास आणि विज्ञानाचे विषय मराठीत आणले, कुलाब्याच्या वेधशाळेचे काम पाहिले, कोकणातील शिलालेख-ताम्रपटांवर लेख लिहिले आणि १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी प्रथमच शिळाप्रेसवर छापून लोकांच्या हाती दिली. १८४६ च्या मे महिन्यात ते गेले. दादाभाई नौरोजी हे त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक. वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर ज्ञानेश्वरीच्या छपाईचा उल्लेख पत्रकारितेइतकाच शोभून दिसेल.

पंचांगवाला

शिलाछाप यांनी वाराचा मुद्दा काढला आहे, तोच धागा धरून सुरत आणि महाबळेश्वराकडे वळतो. आपल्या दुसऱ्या वहीत लिहिणाऱ्याची काहीही चूक नाही. दोन्ही वह्या बरोबर आहेत, फक्त त्या दोन वेगळ्या दिनदर्शिका वापरतात.

युरोपातील कॅथलिक देशांनी १५८२ मध्ये पोप ग्रेगरी यांची सुधारलेली कालगणना स्वीकारली, परंतु इंग्लंडने ती स्वीकारायला १७५२ साल उजाडले. त्या वर्षी त्यांनी २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर लिहिले. म्हणजे शिवाजी महाराजांच्या संपूर्ण हयातीत सुरतेच्या वखारीतला इंग्रज जुनी ज्युलियन तारीख लिहीत होता, तर गोव्यातला पोर्तुगीज नवी ग्रेगोरियन. सतराव्या शतकात या दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. सुरतेत शेजारीशेजारी असलेल्या वखारींतही हा फरक होता. इंग्रजांच्या कागदांत महाराज ६ जानेवारीला सुरतेपाशी पोहोचतात आणि डचांच्या हिशेबाने तोच दिवस १६ जानेवारीचा ठरतो. वार मात्र दोघांचाही बुधवारच. शिवाय इंग्रजांचे वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलत असे, त्यामुळे त्यांच्या काही मूळ पत्रांवर जानेवारी १६६३ असे साल दिसते. ते पाहून कोणी घटना वर्षभर मागे नेऊ नये.

आपल्याकडील इतिहासकारांनी शिवकाळातील तिथींना तारखा जोडताना इंग्रजी कागदांशी मेळ राहावा म्हणून बहुतांशी ज्युलियन तारखाच वापरल्या. मोडक, खरे यांच्या जंत्र्या, म्हणजे तिथी आणि तारखांचा मेळ दाखवणारी कोष्टके, उघडून ज्याने काम केले आहे, त्याला ही गोष्ट परिचित असते. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० आणि राज्याभिषेकाची ६ जून १६७४ या तारखाही जुन्याच पद्धतीच्या आहेत. आजच्या कालगणनेने त्या अनुक्रमे १ मार्च आणि १६ जून येतात.

महाबळेश्वरची नोंद तर स्वतःच साक्ष देते. ही तुला क्षेत्र महाबळेश्वरी, शके १५८६ च्या पौष अमावास्येस, सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी झाली. जिजाऊंबरोबर वृद्ध सोनोपंत डबीर यांचीही तुला झाली. आता ग्रहण अमावास्येवाचून होत नाही, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. चंद्राचे गणित मागे नेऊन पाहावे. ग्रेगोरियन १६ जानेवारी १६६५ ला अमावास्या येते, ग्रेगोरियन ६ जानेवारीला ती येत नाही. म्हणजे वहीतली ६ जानेवारी ही ज्युलियनच असली पाहिजे, दुसरा मार्गच नाही. ज्यांना जंत्रीवर विश्वास ठेवायचा नसेल, त्यांनी आकाशावर ठेवावा.

मराठ्यांच्या इतिहासातील सर्वच तारखांना ही भानगड लागू आहे असे मात्र समजू नये. पानिपतची १४ जानेवारी १७६१ ही तारीख १७५२ नंतरची आहे, तेथे इंग्रजांची आणि पोर्तुगिजांची तारीख एकच.

वाचनकट्टा

दोघांचेही आभार. पंचांगवाला यांना एक पोटप्रश्न. मग शिवकाळातील नोंदी आम्ही १६ जानेवारीला हलवाव्यात काय? तसे केले, तर १९ फेब्रुवारीला आमच्याच फळ्यावर शिवजयंती लिहिताना विसंगती दिसेल. शिवाय मुलांच्या पुस्तकात जी तारीख आहे तिच्याशी फळा भांडू लागला, तर शिक्षक आमच्याकडे येतील.

पंचांगवाला

हलवू नये. शासनापासून पाठ्यपुस्तकापर्यंत सर्वांनी एक पद्धत धरली आहे, तीच फळ्यावर ठेवावी आणि ओळीच्या शेवटी तिथी लिहावी. ‘६ जानेवारी १६६५, पौष अमावास्या शके १५८६’ एवढे लिहिले की ज्याला तपासायचे आहे त्याच्या हाती दोरी राहते. त्या काळी राजगडावरच्या कारकुनाने तिथीच लिहिली असती, तारीख हा आपण नंतर चढवलेला पोशाख आहे. एकच करावे. दहा दिवस मिळवून एक नोंद आणि न मिळवता दुसरी नोंद, असे एका फळ्यावर होऊ देऊ नये.

सुरतेची ओळ लिहिताना ‘६ ते १० जानेवारी’ असे लिहिणे अधिक बरोबर, कारण महाराजांचा मुक्काम १० तारखेपर्यंत होता. त्या वेळी शहराला तट नव्हता, सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला होता आणि इंग्रजांनी जॉर्ज ऑक्झिंडेनच्या हाताखाली आपली वखार लढवून राखली. इतके सगळे फळ्यावर मावणार नाही, पण विचारणाऱ्या मुलाला सांगता यावे.

मांडवीकाठ

वरील चर्चेत गोव्यातला पोर्तुगीज एका वाक्यात येऊन गेला, म्हणून त्याच्या दारातल्या ६ जानेवारीविषयी लिहिते. मराठी याद्यांत हा सण जवळपास नसतोच, आणि गोव्यात मराठी वाचणारे इतके असताना तो नसावा याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

ख्रिस्ती परंपरेत बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेल्या तीन राजांचा हा दिवस. बार्देशात मांडवीच्या उत्तर तीरावर, पणजीच्या समोर, रेइश मागुशचा किल्ला आहे आणि त्याच्या पायथ्याशी याच तीन राजांच्या नावाचे चर्च आहे. गावाचे नावही त्यांच्यावरूनच पडले. हे चर्च फ्रान्सिस्कन पाद्रींनी १५५५ मध्ये बांधले आणि बार्देशातले ते पहिले चर्च मानतात. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, दिवशी गावातले तीन मुलगे राजे होतात.

दक्षिणेत कासावली, आरोशी आणि कुयेली या तीन गावांचे फेस्त मला अधिक पाहण्यासारखे वाटते. तिन्ही गावांतून एकेक मुलगा राजा म्हणून निवडला जातो. साधारण आठ-दहा वर्षांचे हे राजे डोक्यावर मुकुट आणि अंगावर झूल घालून घोड्यावर बसतात आणि आपापल्या वाटेने कुयेलीच्या डोंगरावरील रेमेदियुश सायबिणीच्या, म्हणजे मेरी मातेच्या, कपेलापर्यंत (छोट्या चर्चपर्यंत) चढून जातात. त्या दिवशी त्या घरचा मान काही वेगळाच असतो. आजी-आजोबा मुलाच्या पोशाखाकडे असे पाहत असतात की घोड्याकडे कोणाचे लक्षच जाऊ नये, आणि घोडा मात्र बँडच्या आवाजाने बिचकून सगळ्यांना आपल्याकडे पाहायला लावतो. चांदर येथेही असाच तीन राजांचा सोहळा होतो.

पंचांगवाला यांच्या मुद्द्याला धरून एक भर घालते. ज्युलियन गणना अजून संपलेली नाही. रशियातील ऑर्थोडॉक्स चर्च धार्मिक सणांसाठी तीच पाळते आणि आता अंतर तेरा दिवसांचे झाल्यामुळे आपल्या ६ जानेवारीला त्यांच्याकडे नाताळची पूर्वसंध्या असते. आर्मेनियाच्या चर्चमध्ये तर ६ जानेवारी हाच येशूच्या जन्माचा आणि बाप्तिस्म्याचा सण आहे.

रंगपीठ

नावांच्या निवडीबद्दल. विजय तेंडुलकर यांचा जन्म ६ जानेवारी १९२८ चा, आणि मराठी वाचनालयाच्या फळ्यावर ती ओळ असलीच पाहिजे. पत्रकार दिनाशी त्यांचे नाते जुळवून आणण्याची गरज नाही, ते होतेच. नाटककार म्हणून नाव होण्याआधी आणि नंतरही त्यांनी वृत्तपत्रांत संपादकीय काम केले होते. तेंडुलकरांची पटकथा असलेल्या ‘अर्धसत्य’मधील पोलीस अधिकारी ज्यांनी उभा केला, ते ओम पुरी २०१७ मध्ये ६ जानेवारीलाच गेले. एकाच ओळीत दोघांना घेता येते आणि जागाही वाचते.

कपिल देव (१९५९) आणि ए. आर. रहमान (१९६७) यांची नावे मुलांना कोणी सांगायला नकोत, व्हॉट्सअ‍ॅपची यादी ते काम करतेच. त्यांच्याऐवजी मी लुई ब्रेल यांना जागा देईन. ६ जानेवारी १८५२ हा त्यांचा स्मृतिदिन. त्यांची जयंती दोनच दिवस आधी, ४ जानेवारीला असते. ती ओळ तेव्हा गेली असेल, तर ६ तारखेला पुन्हा नको.

त्यागराजांविषयी मात्र सावध राहावे. त्यांचे देहावसान ६ जानेवारी १८४७ रोजी तिरुवैयारू येथे झाले, हे खरे आहे. परंतु त्यांची आराधना तारखेने होत नाही, ती पुष्य बहुल पंचमीला होते. आपल्या पंचांगाप्रमाणे पौष वद्य पंचमी. त्या दिवशी कावेरीकाठी त्यांच्या समाधीसमोर शेकडो गायक-वादक एकत्र बसून पंचरत्न कृती गातात. तो दिवस दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत पुढेमागे सरकतो. तंजावरच्या मराठा राजदरबाराशी या संतकवीचा काळ निगडित आहे. दुसरे सरफोजी राजे यांचे निमंत्रण आणि नजराणा त्यांनी नाकारल्याची आख्यायिका कर्नाटक संगीतात प्रसिद्ध आहे. म्हणून मराठी फळ्यावर ते परके नाहीत, पण त्यांना पंचमीच्या दिवशी आणावे. जेथे परंपरेने तिथी धरली आहे, तेथे आपण तारीख लादू नये.

कोपऱ्यातला वाचक

शिलाछाप यांच्या मजकुरात एक शब्द हवा होता. ‘पहिले मराठी वृत्तपत्र’ असे सगळेच लिहितात. १८२८ मध्ये ‘मुंबापूर वर्तमान’ नावाचे पत्र निघत असल्याचा उल्लेख वृत्तपत्रांच्या इतिहासात येतो. त्याचा अंक उपलब्ध नाही, त्यामुळे मान ‘दर्पण’कडे राहिला आहे आणि राहावाही. पण ‘अंक उपलब्ध असलेले पहिले’ असे लिहिले, तर पुढे कोणाला दप्तरात काही सापडले तरी फळा खोटा पडणार नाही.

शिलाछाप

हे मान्य करण्यासारखे आहे, मात्र मुलांच्या फळ्यावर हे विशेषण जड होईल. ‘मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभ मानले जाणारे’ असे लिहिले, तर दोन्ही साधते. तसेच, ‘पहिले’ म्हणताना ते मराठीपुरते आहे, हेही सांभाळावे. मुंबईतच गुजराती ‘मुंबई समाचार’ १८२२ पासून निघत होते आणि कलकत्त्यात हिकीचे इंग्रजी पत्र १७८० मध्ये सुरू झाले होते. काही याद्या ‘भारतातील पहिले वृत्तपत्र दर्पण’ असे लिहून मोकळ्या होतात.

वाचनकट्टा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. येत्या ६ जानेवारीसाठी ठरवलेला मजकूर येथे ठेवतो, म्हणजे कोणाला खोड काढायची असल्यास आधीच काढता येईल.

वरची दोन ओळींची जागा ‘दर्पण’ला दिली आहे: पत्रकार दिन, आणि मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभ मानल्या जाणाऱ्या ‘दर्पण’चा पहिला अंक, शुक्रवार ६ जानेवारी १८३२, संपादक बाळशास्त्री जांभेकर, १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी प्रथम छापून प्रसिद्ध करणारे. तिसऱ्या ओळीत सुरत, ६ ते १० जानेवारी १६६४. चौथीत जिजाऊ आणि सोनोपंत डबीर यांची तुला, क्षेत्र महाबळेश्वर, पौष अमावास्या शके १५८६. पाचवीत तेंडुलकर जयंती आणि ओम पुरी स्मृतिदिन. सहावीत गोव्यातील तीन राजांचे फेस्त, कासावली आणि रेइश मागुश या नावांसह. ब्रेल यांची ओळ ४ जानेवारीला जाईल. त्यागराजांसाठी पंचांगात पौष वद्य पंचमीवर खूण केली आहे, आणि जांभेकर जयंतीसाठी २० फेब्रुवारीच्या पानावर.

सुरत आणि महाबळेश्वर या दोन ओळींखाली बारीक अक्षरांत ‘तारखा जुन्या इंग्रजी गणनेनुसार’ असे लिहावे, असे वाटते. सहा ओळींनंतर तेवढी पट्टी मोकळी राहते.

पंचांगवाला

‘ज्युलियन गणनेनुसार’ लिहावे. ‘जुन्या इंग्रजी’ म्हटल्यास ‘दर्पण’ची तारीखही जुन्याच गणनेची आहे, असा समज होईल. ती १८३२ ची आहे, तिला हे लागू नाही. बाकी मजकूर ठीक आहे.